फुकट वाचलेली कादंबरी विकत का घेतली गेली? जपानमधील मोबाइल-कादंबरीचे प्रकरण

2007 मध्ये जपानमध्ये सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांची वार्षिक यादी तोहान या बड्या पुस्तक-वितरण कंपनीने प्रसिद्ध केली, तेव्हा कथात्म साहित्यातील पहिल्या दहा पुस्तकांपैकी पाच मूळ मोबाइल फोनवरच्या कादंबऱ्या निघाल्या आणि पहिले तीनही क्रमांक त्यांनीच पटकावलेले होते. लेखिकांची नावे मिका, मेई अशी एवढीशीच. आडनाव नाही, छायाचित्र नाही, पूर्वी काही लिहिल्याची कुठे नोंद नाही. जपानी पुस्तकव्यवसायाची उलाढाल 1996 च्या शिखरानंतर वर्षागणिक उतरत होती, नामवंत लेखकांच्या आवृत्त्या रखडत होत्या, आणि अशा वेळी बारा कळांच्या फोनवर अंगठ्याने लिहिलेल्या प्रेमकथा लाखांनी खपत होत्या.

या घटनेची चर्चा बहुतेक वेळा दोनच अंगांनी झाली. एका बाजूला तंत्रज्ञानाने नवे साहित्य जन्माला घातले असे म्हणणारे होते, तर दुसऱ्या बाजूला तंत्रज्ञानाने साहित्याचा ऱ्हास केला असे म्हणणारे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती हिशोबाची बाजू, कारण या सगळ्या कादंबऱ्या छापून आल्या त्या वेळी फोनवर विनामूल्य उपलब्ध होत्या आणि ज्या मुलींनी त्या दुकानात जाऊन विकत घेतल्या, त्यांतल्या पुष्कळ जणींनी त्या आधीच अखेरपर्यंत वाचलेल्या होत्या. जे फुकट वाचून झाले त्यासाठी कोणी पैसे का मोजावेत, आणि त्यातून प्रकाशन-व्यवसायात नेमके काय बदलले, हे दोन प्रश्न या प्रकरणाच्या मुळाशी आहेत.

पॅकेटचा दर आणि वाचनाची किंमत

22 फेब्रुवारी 1999 रोजी एनटीटी डोकोमो या कंपनीने आय-मोड ही सेवा सुरू केली. ई-मेल, हवामान, रेल्वेचे वेळापत्रक, बँकेचे व्यवहार अशा गोष्टी संगणकाशिवाय फोनवर मिळू लागल्या आणि जपानमधील तरुण पिढीच्या मोठ्या भागाची इंटरनेटशी पहिली ओळख फोनवरूनच झाली. दर आकारला जाई तो वेळेवर नव्हे, तर माहितीच्या आकारावर: 128 बाइटांचे एक पॅकेट आणि पॅकेटमागे 0.3 येन. डोकोमोच्या अधिकृत यादीतील संकेतस्थळांना महिन्याला 300 येनपर्यंत वर्गणी लावता येत असे. ती टेलिफोनच्या बिलातूनच वसूल होई आणि तिच्यातले 9 टक्के डोकोमो स्वतःकडे ठेवी. मजकूर विकण्याची गल्लापेटी फोनमध्ये पहिल्यापासून बसवलेली होती, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता एका कादंबरीचा हिशोब करून पाहू. एक लाख अक्षरांची मध्यम लांबीची कादंबरी घेतली आणि जपानी लिपीत एका अक्षराला दोन बाइट धरले, तर दोन लाख बाइट होतात. म्हणजे सुमारे 1,560 पॅकेटे आणि सुमारे 470 येन. त्या काळी कागदी बांधणीची खिशात मावणारी कादंबरी पाचशे-सहाशे येनला मिळत असे. ‘फुकट’ कादंबरी फोनवर वाचण्याचा खर्च जवळजवळ छापील प्रतीएवढाच होता; फरक एवढाच की तो पैसा लेखकाकडे वा प्रकाशकाकडे न जाता टेलिफोन कंपनीकडे जात होता. महिनाअखेर आलेल्या अफाट बिलाने कंबरडे मोडण्याला तरुणांनी ‘पाके-शी’, म्हणजे पॅकेटमृत्यू, असे नाव दिले होते, त्यात विनोदाचा भाग कमीच होता.

अशा स्थितीत मोठ्या प्रकाशकांनी जे केले ते स्वाभाविक होते, पण निष्प्रभ ठरले. शिंचोशा या प्रतिष्ठित प्रकाशनगृहाने 2002 मध्ये मासिक वर्गणी घेऊन व्यावसायिक लेखकांचे लेखन फोनवर पोहोचवण्याची सेवा काढली. फोन हे पुस्तकाचे आणखी एक दुकान आहे, अशी त्यामागची समजूत होती. माल जुना, लेखक जुने, निवड करणारे संपादकही तेच. पोहोचवण्याची वाट तेवढी नवी. पुढे जे घडले ते या समजुतीच्या बाहेर घडले.

फोनच्या कळपट्टीबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण मोबाइल-कादंबरीतील आखूड वाक्यांचे खापर नेहमी तिच्यावर फोडले जाते. जपानी ध्वनिअक्षरांची मांडणी अ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा अशी ओळींनी होते (बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे पोहोचलेल्या आपल्याच वर्णमालेची ती सावली आहे) आणि फोनच्या प्रत्येक कळीवर एकेक ओळ बसवलेली असे. पहिल्या कळीवर अ-इ-उ-ए-ओ. त्यामुळे ‘ओ’ उमटवायला ती कळ पाच वेळा दाबावी लागे. हे ऐकायला जिकिरीचे वाटते खरे, परंतु शब्दाची पहिली दोन अक्षरे दाबताच पुढचा संभाव्य शब्द सुचवणारी सोय फोनमध्ये आलेली होती आणि रोज शेकडो संदेश पाठवणाऱ्या मुलींना अंगठ्याने लिहिणे वहीत लिहिण्याइतकेच अंगवळणी पडलेले होते. वाक्ये आखूड झाली ती मला तरी कळींमुळे झालेली वाटत नाहीत. ती पडद्याच्या आकारामुळे आणि जिथे ती वाचली जात त्या जागेमुळे झाली. ही जागा म्हणजे लोकलचा डबा. जपानमधील गाड्यांत फोनवर बोलणे असभ्य मानले जाते, त्यामुळे घर ते शाळा आणि शाळा ते अर्धवेळ काम या प्रवासात फोन हातात असला तरी तो वाचण्या-लिहिण्यासाठीच उरतो.

योशीची वाट

या प्रकारातील पहिले मोठे यश एका शाळकरी मुलीचे नव्हे, तर एका प्रौढ पुरुषाचे होते. योशी हे टोपणनाव घेतलेल्या लेखकाने 2000 मध्ये स्वतःचे संकेतस्थळ काढले, टोकियोतील शिबुया स्थानकाबाहेर शाळकरी मुलींना त्याच्या पत्त्याची कार्डे वाटली आणि तिथे ‘डीप लव्ह’ ही कादंबरी तुकड्यातुकड्याने लिहायला सुरुवात केली. पैशासाठी देहविक्रय करणारी सतरा वर्षांची मुलगी, तिला भेटलेला आजारी मुलगा, एड्स आणि मृत्यू असा तिचा ऐवज. वाचक मुली त्याला ई-मेल पाठवून आपले अनुभव सांगत आणि त्यांतले काही पुढच्या भागांत उतरत. वर्तमानपत्रातील क्रमशः कादंबरीलाही वाचकांची पत्रे येतात, पण ती येईपर्यंत लेखक चार प्रकरणे पुढे गेलेला असतो. इथे सकाळी प्रसिद्ध झालेल्या भागावर दुपारपर्यंत मत येत होते.

2002 च्या डिसेंबरमध्ये ती कादंबरी छापली स्टार्ट्स या प्रकाशनाने. हे प्रकाशन बांधकाम आणि घरबांधणीच्या व्यवसायातील एका उद्योगसमूहाचे अपत्य होते आणि टोकियोतील नोकरदार तरुणींसाठी शहरातील हॉटेले, दुकाने, सहली यांची माहिती देणारे मासिक ही त्याची मुख्य ओळख होती. तिथे साहित्य विभाग नव्हता, पारितोषिकांची परंपरा नव्हती, ‘आमच्या यादीत हे बसत नाही’ असे म्हणायला यादीच नव्हती. नामांकित प्रकाशनगृहांनी ज्या मजकुराला हात लावला नसता तो छापण्याचे धाडस या परकेपणातून आले असावे. ‘डीप लव्ह’ मालिकेचा एकूण खप पुढे पंचवीस लाख प्रतींच्या वर गेला.

एका पानावर काय असे

योशीच्या यशानंतरही मोबाइल-कादंबरी ही एका हुशार माणसाची क्लृप्ती म्हणून विसरली गेली असती. तिला व्यापक रूप दिले ‘माहो नो आय-लँड’ या संकेतस्थळाने. 1999 मध्ये सुरू झालेल्या या सेवेचा मूळ हेतू फोनवरूनच कुणालाही स्वतःचे छोटे संकेतस्थळ तयार करता यावे एवढाच होता. 2000 मध्ये तिच्यात कादंबरी लिहिण्याची सोय जोडली गेली. लेखिकेने प्रकरणाचे नाव टाकायचे, मजकूर टंकायचा, एक कळ दाबायची, की भाग प्रसिद्ध. वाचकांनी खाली अभिप्राय लिहायचे आणि वाचकसंख्येनुसार क्रमवारी लागायची. 2007 अखेर या एका ठिकाणी जमलेल्या कादंबऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेल्याचे सांगितले जात होते. अर्थात त्यांतल्या बहुसंख्य अर्ध्यावर सोडलेल्या असणार, हे वेगळे सांगायला नको.

या कादंबरीचे पान कसे दिसे हे मराठीतून दाखवायचे तर समजा, पडद्यावर ‘फोन वाजला.’ एवढी एकच ओळ आहे. तिच्याखाली चार ओळी कोऱ्या. मग ‘त्याचा नव्हता.’ मग पुन्हा कोऱ्या ओळी, आणि वाचणाऱ्या मुलीने खालची कळ दाबत दाबत पुढे गेल्यावर ‘आईचा होता.’ त्या कोऱ्या ओळींचे काम नाटकातल्या विरामाचे आहे, कारण मधले अंतर वाचकाला स्वतःच्या अंगठ्याने पार करावे लागते आणि उत्तर डोळ्यांना आधी दिसून जाण्याची सोय नसते. छापील पानावर दोन ओळी एकाच नजरेत येतात, त्यामुळे हाच मजकूर तिथे विरळ आणि पोरकट वाटतो. समीक्षकांनी या लेखनाला ‘कविता नाही, गद्यही नाही’ म्हणून हिणवले तेव्हा त्यांच्या हातात बहुधा पुस्तक होते, फोन नव्हता.

वर्णन जवळजवळ नसते. घर कसे आहे, गाव कोणते, ऋतू कोणता, मुलगा दिसतो कसा, यांतले काही सांगितले जात नाही; संवाद, मनातले एखादे वाक्य आणि फोनवर आलेले संदेश यांवर सगळे चालते. हायामिझु केन्रो या समीक्षकाने 2008 मध्ये या लेखनाचा संबंध महानगरांपेक्षा प्रांतिक शहरांतील तरुणांच्या जगण्याशी आणि त्यांच्या आवडत्या पॉप गाण्यांच्या शब्दांशी जोडून दाखवला. ते निरीक्षण मला पटते, कारण ठिकाणाचे वर्णन नसल्यामुळेच ती कथा कोणत्याही गावातल्या मुलीला आपल्या शाळेमागे घडल्यासारखी वाटू शकत होती.

2004: दर बदलला

या सगळ्याला पूर कशाने आला, तर एका दरपत्रकाने. 2003 च्या अखेरीस ‘एयू’ या प्रतिस्पर्धी कंपनीने आणि 2004 च्या जूनमध्ये डोकोमोने महिन्याला ठरावीक रक्कम भरून हवी तितकी पॅकेटे वापरण्याची योजना आणली. डोकोमोच्या योजनेचा दर कर वगळून 3,900 येन होता. वर मांडलेला 470 येनांचा हिशोब त्या दिवशी निकालात निघाला. पहिली कादंबरी वाचा किंवा पन्नासावी, वरखर्च शून्य. लिहिणारीलाही एकेक भाग चढवताना बिलाची धास्ती उरली नाही. साहित्याच्या इतिहासात टेलिफोनच्या दराला स्थान देणे कुणाला रुचणार नाही, परंतु या प्रकरणात लेखकांची प्रतिभा 2004 मध्ये अचानक वाढली असे म्हणण्यापेक्षा ते जास्त सयुक्तिक आहे.

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे झाले ते वेगाने झाले. मिका या लेखिकेने ‘माहो नो आय-लँड’वर लिहिलेली ‘कोइझोरा’ ही कादंबरी स्टार्ट्सने 2006 च्या ऑक्टोबरमध्ये दोन भागांत छापली. शाळकरी मुलीचे प्रेम, तिच्यावरील सामूहिक बलात्कार, गर्भपात, प्रियकराने अचानक तोडलेले नाते आणि त्यामागे त्याचा कर्करोग, असे एकापुढे एक आघात तिच्यात येतात. दोन्ही भाग मिळून तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि 2007 च्या नोव्हेंबरमध्ये अरागाकी युइ या अभिनेत्रीला घेऊन काढलेला चित्रपटही तुफान चालला. मेई या लेखिकेची ‘आकाई इतो’ गोमा बुक्सने छापली. रिन या नावाने लिहिणाऱ्या मुलीने शाळेच्या अखेरच्या वर्षात, अर्धवेळ कामाला जाता-येता, सहा महिन्यांत पूर्ण केलेली ‘मोशिमो किमि गा’ ही कादंबरी पुठ्ठा बांधणीत 142 पानांची झाली आणि चार लाख प्रतींपर्यंत गेली. घरी आईलाही ती लिहीत असल्याची कल्पना नव्हती.

विकत काय घेतले गेले

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रकाशकांनी या कादंबऱ्या छापण्यामागे पहिले कारण वाचकांची मागणी हेच होते: ‘हे पुस्तकरूपात हवे’ असे निरोप वाचकांकडूनच येत होते. मागणी करणाऱ्या मुलीला कथेचा शेवट ठाऊक होता, त्यामुळे ती मजकूर विकत घेत नव्हती हे उघड आहे. ती काय घेत होती याची उत्तरे एकाहून अधिक आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही.

सर्वांत वजनदार उत्तर सहभागाचे आहे. महिनोन्महिने रोज एक तुकडा वाचलेल्या, त्याखाली अभिप्राय लिहिलेल्या, लेखिका थांबली तेव्हा ‘लिहीत राहा, आम्ही वाट पाहतोय’ असे कळवलेल्या मुलीला ती कादंबरी अंशतः स्वतःची वाटत होती. छापील प्रत ही त्या सहभागाची पावती होती. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. आपल्या गावच्या संमेलनाची स्मरणिका आपण वाचण्यासाठी ठेवत नाही.

दुसरे उत्तर अधिक व्यवहारी आहे. जपानमधील अनेक शाळांत सकाळी तास सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे मुलांनी स्वतःच्या आवडीचे पुस्तक शांतपणे वाचायचे असा उपक्रम 1988 पासून रुजलेला आहे. वर्गात फोन काढता येत नाही, पुस्तक काढता येते. ‘कोइझोरा’ छापून आली आणि तीच कथा शाळेच्या नियमात बसू लागली. माइनिचि या दैनिकाच्या शालेय वाचन-पाहणीत 2007 च्या सुमारास मुलींच्या आवडीच्या पुस्तकांत ती ठळकपणे दिसली याचे आश्चर्य वाटायला नको. शिवाय मैत्रिणीला द्यायला, कपाटात लावायला आणि पालकांकडून पैसे मागायलाही पुस्तक सोयीचे असते. टेलिफोनच्या बिलावरून ज्या घरात भांडण होते, त्याच घरात पुस्तकासाठी हजार येन सहज सुटतात.

संपादकांचे कसबही इथेच दिसते, आणि ते काय केले यापेक्षा काय करायचे टाळले यात जास्त दिसते. जपानी कादंबरी परंपरेने उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे छापली जाते. मोबाइल-कादंबऱ्या मात्र फोनवर दिसत तशाच आडव्या ओळींत, डावीकडून उघडणाऱ्या पुस्तकांत छापल्या गेल्या. आखूड ओळी आणि कोऱ्या जागा बहुतांशी तशाच ठेवल्या. ज्या वाचकाला स्मरणिका हवी आहे तिला ‘सुधारून वाढवलेली आवृत्ती’ दिली तर तिची फसवणूक होते, हे या छोट्या प्रकाशनांना कळले होते. तथापि, भाषेवर एक हात फिरवायला हवा होता असे मलाही अनेक ठिकाणी वाटते, आणि या मोहातून सुटणे कोणत्याही संपादकाला सोपे गेले नसणार.

व्यवसायाच्या दृष्टीने उलटापालट झाली ती जोखमीची. एरवी प्रकाशक हस्तलिखित निवडतो, पैसे गुंतवतो आणि मग वाचक मिळतो की नाही हे पाहत बसतो. इथे वाचक आधी जमलेला, त्याची संख्या क्रमवारीत सर्वांना दिसणारी, अभिप्राय लेखी उपलब्ध. प्रकाशकाने फक्त छापायचे. निवडीचा अधिकार संपादकाच्या टेबलावरून उठून लाखो अंगठ्यांकडे गेला, मात्र पैशाची वसुली कागदानेच केली. आय-मोडची गल्लापेटी हाताशी असूनही या कादंबऱ्यांचे अर्थकारण दुकानातल्या पुस्तकावर उभे राहिले. फोनच्या बिलातून पैसे मोजून काय वाचले जात होते, तर प्रामुख्याने चित्रकथा. 2008-09 या आर्थिक वर्षात जपानमधील ई-पुस्तकांची सुमारे 46 अब्ज येनांची बाजारपेठ बहुतांशी मोबाइल फोनवर होती आणि तिच्यात सिंहाचा वाटा मांगा चित्रकथांचा होता. ॲमेझॉनचे किंडल जपानमध्ये विक्रीला आले ते त्यानंतर चार वर्षांनी, 2012 मध्ये.

पंडितांचा राग आणि एक भिक्षुणी

‘बुंगाकुकाई’ या मान्यवर वाङ्मयीन मासिकाने 2008 च्या जानेवारीच्या अंकात मोबाइल-कादंबरी ‘लेखक’ या संस्थेला संपवणार काय, असा प्रश्न चर्चेला घेतला. त्यातले बरेचसे आक्षेप रास्त होते. कथानके एकाच साच्याची होती, बलात्कार आणि दुर्धर आजार यांचा वापर वाचकाला रडवण्यासाठी सर्रास केला जात होता, ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी जाहिरात होत असताना वैद्यकीय तपशील विश्वास बसू नये असे होते.

या वादात अनपेक्षित भूमिका घेतली सेतोउची जाकुचो यांनी. बौद्ध भिक्षुणी झालेल्या या ज्येष्ठ कादंबरीकार लेखिकेने अकराव्या शतकातील ‘गेंजी मोनोगातारी’ या कादंबरीचे आधुनिक जपानीत केलेले रूपांतर घराघरांत पोहोचलेले होते. मोबाइल-कादंबरीच्या पारितोषिकाशी त्या जोडल्या गेलेल्या होत्या, आणि 2008 मध्ये, वयाच्या 86 व्या वर्षी, ‘पर्पल’ या टोपणनावाने आपणच एक मोबाइल-कादंबरी लिहिल्याचे त्यांनी जाहीर केले. ‘गेंजी’ची लेखिका मुरासाकी शिकिबु हिच्या नावात जांभळा रंग आहे, ती खूण जाणत्यांना लगेच पटली. सेतोउची यांची ती कादंबरी थोर होती असे नव्हे. तरीसुद्धा दरबारातल्या स्त्रियांनी पुरुषांच्या चिनी लिपीऐवजी सोप्या ध्वनिलिपीत एकमेकींसाठी लिहिलेल्या कथांपासून जपानी गद्य घडले, ही आठवण त्यांनी न बोलता करून दिली. हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखनाला तेव्हाच्या विद्वानांनीही बायकांची करमणूकच म्हटले होते.

ओहोटी

लाट जितक्या वेगाने आली तितक्याच वेगाने ओसरली. जपानमध्ये न खपलेल्या प्रती विक्रेत्याने परत करण्याची पद्धत सार्वत्रिक आहे; त्यामुळे भरमसाट छपाई करून दुकाने भरणे सोपे जाते आणि मागणी घटल्याचे प्रकाशकाला उशिरा कळते. 2007 नंतर अनेकांनी याच साच्यातली पुस्तके धडाधड काढली. ‘आकाई इतो’ छापणाऱ्या गोमा बुक्सवर 2009 च्या सप्टेंबरमध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली न्यायालयात जाण्याची वेळ आली. 2010 मध्ये ‘माहो नो आय-लँड’ कादोकावा या मोठ्या प्रकाशन समूहाच्या छत्राखाली गेले. दरम्यान 2008 मध्ये आयफोन आला, 2011 मध्ये लाइन ही संदेशसेवा आली, आणि गाडीतल्या त्या मोकळ्या वीस मिनिटांना दहा नवे धनी मिळाले.

पण रीत टिकली. ‘शोसेत्सुका नि नारो’ या 2004 पासूनच्या संकेतस्थळावर मुलगे दुसऱ्या जगात पुनर्जन्म घेणाऱ्या नायकांच्या कथा लिहू लागले. आधी फुकट भाग, मग क्रमवारी, मग छापील पुस्तक, मग चित्रकथा आणि ॲनिमेशन ही तिथली साखळी मोबाइल-कादंबरीनेच घालून दिलेली आहे. स्टार्ट्सने तर 2007 मध्येच ‘नोइचिगो’ नावाचे स्वतःचे लेखन-संकेतस्थळ काढून पुढच्या लेखिका घरातच घडवायचे ठरवले होते. तिथे आधी वाचली गेलेली आणि 2016 मध्ये छापली गेलेली शिओमि नात्सुए यांची एक कादंबरी, ज्यात आजची शाळकरी मुलगी 1945 मध्ये पोहोचते आणि आत्मघाती वैमानिकाच्या प्रेमात पडते, टिकटॉकवरील शिफारशींनी पुन्हा उचलली गेली आणि 2023 च्या डिसेंबरमध्ये तिच्यावरील चित्रपटाने मोठा गल्ला जमवला. कथेचा साचा ओळखीचा आहे. प्रेम, नियती आणि मरण यांच्या आड आता कर्करोगाऐवजी युद्ध आहे.

मराठीशी जुळणारे आणि न जुळणारे

आपल्याकडे दराची तीच क्रांती 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओच्या सेवेने केली. तोवर एक जीबी माहितीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजणारा ग्राहक काही महिन्यांत रोजच्या जीबीचा धनी झाला. 2014 मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपी या कथा लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर मराठी कथामालिका लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या स्त्रियांची वर्दळ वाढली ती याच काळात. आधी फुकट भाग, खाली अभिप्राय, ‘ताई, पुढचा भाग लवकर टाका’ ही विनवणी, आणि मुख्य प्रवाहातील समीक्षेचे संपूर्ण दुर्लक्ष, ही सगळी लक्षणे जपानशी जुळतात.

न जुळणारी गोष्ट म्हणजे पुस्तकाचे दुकान. त्या काळी जपानमध्ये छोट्या शहरातही पुस्तकविक्रेता असे, वितरकाची गाडी रोज त्याच्या दारात येई आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात स्वतःचे पैसे असत. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती हा अजूनही रूढ आकडा आहे आणि कित्येक तालुक्यांच्या गावी शालेय पुस्तके व स्पर्धापरीक्षांची मार्गदर्शके सोडून दुसरे पुस्तक विकत मिळत नाही. त्यामुळे ‘आधी पडदा, मग कागद’ ही साखळी इथे मधेच तुटते आणि पैसे वसूल करण्याचे काम प्रतिलिपीसारख्या ॲपलाच आभासी नाणी, वर्गणी आणि पुढचा भाग लवकर उघडण्याचे शुल्क अशा मार्गांनी करावे लागते. वेस्टलँड हे भारतीय प्रकाशन ॲमेझॉनने बंद केल्यावर 2022 मध्ये प्रतिलिपीच्या साथीने पुन्हा उभे राहिले, म्हणजे पडद्याकडून कागदाकडे जाण्याची निकड त्या कंपनीलाही वाटली होती. मराठी कथामालिकांसाठी तसा रुंद रस्ता अद्याप तयार झालेला नाही.

याचा एक परिणाम जतनावर होतो. ‘कोइझोरा’ची प्रत जपानच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, कारण छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत तिथे जमा करण्याचे बंधन आहे. 2013 पासून हे बंधन काही प्रकारच्या ई-पुस्तकांनाही लागू झाले, परंतु लेखन-संकेतस्थळांवर पानापानाने लिहिलेल्या कादंबऱ्या त्यात बसत नाहीत, आणि 2007 च्या त्या लक्षावधी कादंबऱ्यांपैकी न छापलेल्यांचा मोठा भाग सेवा बंद पडत गेल्या तसा नाहीसा होत गेला. भारतात 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला छापील पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली येथील ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना पाठवाव्या लागतात. पाच लाख वेळा वाचल्या गेलेल्या, पण केवळ ॲपवर असलेल्या मराठी कथामालिकेची प्रत कुठे जमा करावी याबद्दल त्या कायद्यात एक ओळही नाही.